पाणी कुठवर आलं? – एका गेम ट्रेलरच्या कॅमेऱ्याचं आणि संकलनाचं प्रकरण

अंधेरी पूर्वेला एका जुन्या औद्योगिक इमारतीत पाच जणांची टीम एक गेम बनवते आहे. काळ २६ जुलै २००५ चा. कुर्ल्यात मिठी नदीजवळची तीन मजली चाळ, आणि तिथं राहणारी, सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारी एक मुलगी. तिच्याकडे दोर आहे. पाणी चढत जातं तसतशी ती गॅलरीच्या खांबाला, जिन्याच्या कठड्याला, समोरच्या इमारतीच्या पाइपाला दोर बांधून तळमजल्यावरच्या माणसांना वर नेते. दोर मोजकाच आहे. कुठे बांधायचा, कुणाला आधी न्यायचं, कुठला दोर सोडवून पुढे वापरायचा, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. पाणी थांबत नाही. वेळ दाखवणारा आकडा पडद्यावर कुठेच नाही. पाण्याची पातळी हेच घड्याळ.

हातात कंट्रोलर घेऊन हा गेम खेळला की पाच मिनिटांत माणूस त्यात गुंततो. ट्रेलर पाहून मात्र कुणालाच काही कळत नव्हतं. मी प्रोमो आणि ट्रेलरचं संकलन करते, म्हणून टीमनं मला बोलावलं. गेम अजून जाहीर झालेला नाही, त्यामुळे नावं देत नाही. बाकी काय बदललं आणि का बदललं, ते टीमच्या संमतीनं सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे गेम बनवणारी मुलं वाढली आहेत आणि ट्रेलर मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिला ट्रेलर

तो २ मिनिटं ४ सेकंदांचा होता. आधी स्टुडिओचं बोधचिन्ह, मग इंजिनचं. मग मरीन ड्राइव्हवरून उडत जाणारा कॅमेरा, काळे ढग, उसळत्या लाटा. काळ्या पडद्यावर तीन पाट्या. नायिका पहिल्यांदा काही करताना दिसते ती ३८व्या सेकंदाला. तिथून पुढे ढोल-ताशाच्या ठेक्यावर नव्वदहून जास्त कट: पळणं, उडी, किंकाळी, लाट, वीज, डोळ्यांचा क्लोजअप, पुन्हा लाट.

हा कट करणारा संकलक मराठी मालिकांच्या प्रोमोंमध्ये मुरलेला आहे. त्याच्या कामात ठेका होता, एकही कट अडखळत नव्हता. त्याची अडचण वेगळीच होती. मालिकेचा प्रोमो पाहणाऱ्याला माणसं आधीपासून माहीत असतात. सासू कोण, सून कोण, कुणाचं कुणाशी बिनसलंय हे ठाऊक असल्यामुळे नुसत्या एका नजरेच्या शॉटवर तो ‘आता पुढे काय होणार’ या प्रश्नाला लटकतो. नव्या गेमचा ट्रेलर पाहणाऱ्याच्या मनात त्याही आधीचा प्रश्न असतो: यात मी काय करणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत ‘पुढे काय’ची उत्सुकता जागीच होत नाही.

आम्ही एक साधी चाचणी केली. त्याच इमारतीतल्या इतर ऑफिसांतली माणसं आणि टीमच्या घरची मंडळी यांना ट्रेलर आवाज बंद करून दाखवला आणि एकच प्रश्न विचारला, ‘यात आपण काय करतो?’ एक काकू म्हणाल्या, ‘पुराची गोष्ट आहे, चांगली दिसतेय, कधी लागणार?’ त्यांना तो ऍनिमेशनपट वाटला होता. एका मुलानं ‘पळायचं, उड्या मारायच्या’ असं सांगितलं. दोर हा शब्द कुणाच्याही तोंडून आला नाही. गेमचा सगळा जीव ज्यात आहे ती गोष्टच दोन मिनिटांत दिसली नव्हती.

आवाज बंद ठेवण्याला कारण होतं. ट्रेलर बरेचदा मूक पाहिला जातो, विशेषतः फोनवर. शिवाय संगणकावरचे गेम विकणारं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीनं २०१९ मध्ये स्टीम लॅब्स या प्रयोग-विभागात मायक्रोट्रेलर आणले. ट्रेलरमधले तुकडे उचलून आपोआप तयार होणारी सहा सेकंदांची फिरती चित्रफीत असं त्यांचं स्वरूप. काळा पडदा, बोधचिन्ह आणि ढग यांनीच ट्रेलरचा मोठा भाग व्यापला असेल तर अशा सहा सेकंदांत काय उरणार, याचा विचार आधीच करावा लागतो.

समुद्र काढण्यावरून झालेला वाद

दिग्दर्शिकेचा मरीन ड्राइव्हच्या शॉटवर जीव होता. तिनं २०११ च्या ‘डेड आयलंड’च्या ट्रेलरचा दाखला दिला. तो उलट्या क्रमानं चालतो, खेळताना गेम कसा दिसतो हे त्यात दिसतच नाही, तरी त्याची जगभर चर्चा झाली. दाखला खरा आहे. पण त्या गेमच्या पाठीशी मोठा प्रकाशक होता. पुढे खेळ दाखवणारे व्हिडिओ आणायला पैसा आणि वेळ होता. पाच जणांच्या स्टुडिओचा पहिला ट्रेलर हाच बहुतेकांसाठी शेवटचाही असतो. पटला नाही तर पाहणारा पुन्हा फिरकत नाही.

वाद मिटला तो मात्र पावसाच्या आकड्यांवर. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिमीच्या आसपास. म्हणजे मरीन ड्राइव्हकडे नेहमीसारखा पावसाळी दिवस होता आणि कुर्ला, कलिना, सांताक्रूझ बुडत होतं. ही विसंगती हाच त्या दिवसाचा खरा धक्का होता. नरिमन पॉइंटच्या ऑफिसातून निघालेल्या माणसांना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नव्हती. गेमच्या कथेत हे अचूक आहे. ट्रेलरची सुरुवात मात्र शहराच्या नेमक्या त्या टोकाला होत होती, जिथे पूर नव्हता. टीममधल्या ऍनिमेटरनं हे शांतपणे दाखवून दिलं आणि दिग्दर्शिकेनंच शॉट काढायला सांगितला. ट्रेलरमधल्या प्रत्येक शॉटला गेमच्या जगातलं कारण असलं पाहिजे, असं मी मानते. या वेळी ते कारण इतिहासानंच पुरवलं.

कॅमेरा कुणाचा?

पहिल्या ट्रेलरचे बहुतेक शॉट गेममधल्या डीबग कॅमेऱ्यानं घेतले होते. हा कॅमेरा गेमपॅडवरून कुठेही उडवता येतो, भिंतीतून आरपार जातो. तो मिळाला की प्रत्येकाला उडावंसं वाटतं आणि शॉट गोल-गोल फिरू लागतात. इथे त्यानं मोठं नुकसान केलं. कॅमेरा सतत चढत-उतरत असल्यामुळे पाणी चढलं की कॅमेरा खाली आला, हे समजतच नव्हतं. पाण्याची पातळी हे घड्याळ, आणि प्रत्येक शॉटमध्ये ते वेगळ्या उंचीवरून दिसत होतं.

म्हणून पहिला निर्णय असा झाला: पाणी दाखवणारा एक शॉट पक्का ठरवायचा आणि तो तीनदा घ्यायचा. जागा निवडली चाळीच्या जिन्याची. एका बाजूला लाकडी पाटीवर लायटीचे मीटर, खाली टेकवलेली सायकल, कोपऱ्यात निळा पिंप. कॅमेरा हलत नाही, लेन्स बदलत नाही. पहिल्यांदा पाणी उंबऱ्याशी. दुसऱ्यांदा सायकलचं चाक अर्धं बुडालेलं, पिंप उभाच्या उभा तरंगतोय. तिसऱ्यांदा मीटरच्या पाटीच्या खालच्या कडेला पाणी टेकलंय. मध्ये बाकी कितीही शॉट येवोत, ही चौकट परत आली की पाहणारा एका क्षणात मोजतो. चाळीत वाढलेल्या माणसाला तर मीटरपर्यंत पाणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाटी नको, निवेदन नको.

दुसरा प्रश्न लेन्सचा. गेम युनिटी या गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतो आहे. युनिटीच्या कॅमेऱ्याचा दृष्टिकोन, म्हणजे त्याला किती रुंद दिसतं तो कोन, मुळात ६० अंश असतो, पण तो उभा मोजलेला. १६:९ च्या पडद्यावर आडवा हिशेब केला तर तो जवळपास ९१ अंश होतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर १७-१८ मिमीची लेन्स, म्हणजे चांगलीच वाइड. खेळताना हे योग्यच आहे. खेळणाऱ्याला आजूबाजूचं दिसलं पाहिजे. पण बाहेरून बघणाऱ्याला या लेन्समुळे चाळीची साडेतीन फुटांची गॅलरी मॉलच्या कॉरिडॉरएवढी रुंद वाटत होती. समोरची इमारत लांब पळत होती, माणसं किरकोळ दिसत होती. दाटी हा चाळीचा स्वभाव, आणि लेन्सनं तोच पुसला होता.

आम्ही ट्रेलरच्या शॉटसाठी उभा दृष्टिकोन ३५ अंशांवर आणला. आडवा तो साधारण ५९ अंश होतो, म्हणजे ३२ मिमीच्या आसपास. नायिका चौकटीत पूर्वीएवढीच मोठी ठेवायची तर कॅमेरा सुमारे १.८ पट मागे न्यावा लागतो, आणि चाळीत मागे जायला जागा कुठे असते? कॅमेरा भिंतीत शिरतो. यावर तोडगा गोरेगावच्या चित्रनगरीत रोज वापरला जातो: सेटला चौथी भिंत बांधतच नाहीत. गेममध्ये कॅमेऱ्याच्या आड येणारी भिंत त्या शॉटपुरती लपवता येते. पण नुसती लपवली तर तिची सावलीही जाते आणि बाहेरचा उजेड खोलीत घुसतो. युनिटीत अशा वस्तूला ‘शॅडोज ओन्ली’ करता येतं. भिंत दिसत नाही, सावली मात्र पडत राहते. या एका खुणेनं आमचा बराच त्रास वाचला.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या हालचालीची. सिनेमशीन या युनिटीच्या कॅमेरा-साधनात आभासी कॅमेऱ्याला डॅम्पिंग देता येतं, म्हणजे नायिका हलल्यावर कॅमेरा किंचित उशिरा मागे येतो. डेड झोन ठेवता येतो, म्हणजे चौकटीच्या मधल्या पट्ट्यात ती हलली तरी कॅमेरा स्थिर राहतो. खेळताना हे आकडे अगदी कमी ठेवलेले असतात, कारण उशीर झाला की खेळणारा वैतागतो. ट्रेलरसाठी आम्ही ते वाढवले. नायिका आधी निघते, कॅमेरा मग. या छोट्या उशिरामुळे ठरवणारी ती आहे आणि कॅमेरा तिच्या मागून जातोय, असं वाटू लागतं. हातातल्या कॅमेऱ्याचा थरथराट पहिल्या कटमध्ये जिकडेतिकडे होता. आम्ही तो फक्त एका शॉटला ठेवला: ती कठड्यावरून वाकून खाली पाण्याकडे बघते तिथे.

एकदा खेळा, हवं तितकं चित्रित करा

गेमच्या चित्रणात सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे चांगलं खेळणं आणि चांगला कॅमेरा एकाच वेळी जमवणं. उत्तम उडी पडते तेव्हा कॅमेरा भलतीकडे असतो. कॅमेरा जमतो तेव्हा दोर चुकीच्या खांबाला अडकतो. टीमच्या कोडरनं आधी बटणांची नोंद ठेवून तीच पुन्हा चालवायचा प्रयत्न केला. पण दोराचं डोलणं भौतिकीवर चालतं आणि फ्रेमच्या वेगातल्या थोड्याशा फरकानंही दुसऱ्या खेपेला दोर वेगळा झुलायचा. मग बटणांऐवजी परिणामाचीच नोंद घ्यायचं ठरलं. युनिटी रेकॉर्डरमध्ये वस्तूंची जागा आणि फिरणं ऍनिमेशन क्लिप म्हणून साठवता येतं. नायिका, दोर, माणसं, तरंगता पिंप, सगळ्यांचं एकदा रेकॉर्डिंग. नंतर तीच खेळी कितीही वेळा चालवायची आणि निवांतपणे कॅमेरे लावायचे. रेंडरला एका फ्रेमला कितीही वेळ लागला तरी चालतं, कारण आता कुणी प्रत्यक्ष खेळत नाही.

यामुळे एक प्रश्न उघड झाला. नोंद कुणाच्या खेळण्याची घ्यायची? पहिल्या ट्रेलरसाठी टीमचा टेस्टर खेळला होता. त्याला गेम तोंडपाठ. तो न बघता दोर फेकतो, न थांबता उडी मारतो. बाहेरून पाहताना ते यंत्र चालल्यासारखं दिसतं, कारण त्यात निर्णय दिसत नाही. खेळणं म्हणजे ठरवणं, आणि ठरवायला क्षणभर थांबावं लागतं.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. सिनेमाच्या ट्रेलरमध्ये आपण धक्का दाखवतो: लाट आदळली, माणूस पडला, कट. गेमच्या ट्रेलरमध्ये धक्क्याच्या आधीचा अर्धा-पाऊण सेकंद सोन्याचा असतो. नायिका उजवीकडच्या खांबाकडे बघते, मग डावीकडच्या पाइपाकडे, हातातला दोर किती उरलाय ते बघते आणि पाइप निवडते. पाहणाऱ्याच्या मनात तेवढ्यात येऊन जातं, ‘मी खांबाला बांधला असता.’ हे वाटलं त्या क्षणी तो खेळायला लागलेला असतो. पहिल्या कटमध्ये हा अर्धा सेकंद ठेका बिघडतो म्हणून प्रत्येक ठिकाणी कापला गेला होता.

म्हणून रेकॉर्डिंगसाठी ऍनिमेटरला बसवलं. तिला प्रस्तरारोहणाची आवड आहे, दोर हाताळण्याची सवय आहे. तिला सांगितलं, स्टिक पूर्ण ढकलू नकोस, वळण्याआधी बघ, बांधण्याआधी थांब. शिवाय प्रत्येक क्रियेच्या आधी आणि नंतर दोन-तीन सेकंद रिकामे ठेव, म्हणजे संकलकाला कापायला मोकळीक राहते. हे अभिनयच आहे, आणि त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवायला हवा.

संकलन

नवा कट ७२ सेकंदांचा झाला, त्यात २३ शॉट. सरासरी तीन सेकंदांच्या थोडं वर. प्रोमोच्या संकलकाला सुरुवातीला हे फार संथ वाटलं. त्याचं म्हणणं रास्त होतं: वेग गेला तर पुराची भीती जाईल. म्हणून त्याच्याच हातानं दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी लावून पाहिल्या.

म्हाताऱ्या आजोबांना वर ओढून घेण्याचा प्रसंग घेऊ. जुन्या कटमध्ये तो सात शॉटमध्ये होता: दोर उडतो, हात, चेहरा, पाणी, किंकाळी, वीज, आजोबा वर. दोर आणि आजोबा एका चौकटीत एकदाही नाहीत. आजोबा वर आले ते दोरामुळे, हे पाहणाऱ्यानं स्वतःच जुळवायचं होतं. नव्या कटमध्ये एकच शॉट, सहा सेकंदांचा. डावीकडे खाली आजोबा पाण्यात, उजवीकडे वर ती. ती बघते, पाइपाला दोर टाकते, गाठ आवळते, ओढते. दोर ताणला जातो आणि त्याच चौकटीत आजोबा उचलले जातात. ते गॅलरीच्या कठड्याला हात लावतात तिथे कट. करणं आणि त्याचं फळ एका चौकटीत. हे दोन्ही कट लागोपाठ पाहिल्यावर संकलक स्वतःच म्हणाला, ‘इथे मी कापणार नाही.’

वेग मग दुसऱ्या मार्गानं आणला. पहिले दोन प्रसंग सावकाश, पूर्ण. तिसऱ्या प्रसंगात दोर टाकणं अर्धंच दाखवलं, कारण आता पाहणाऱ्याला ते माहीत आहे. चौथ्यात फक्त तिची नजर आणि ताणलेला दोर. आधी शिकवायचं, मग शिकवलेलं गृहीत धरून पळायचं. शेवटच्या काही सेकंदांत शॉट एकेका सेकंदाचे आहेत आणि तरीही काही निसटत नाही.

दिशेचा गोंधळही निस्तरला. जुन्या कटमध्ये कॅमेरा चाळीच्या दोन्ही बाजूंनी होता. एका शॉटमध्ये रस्ता डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. माणसं सुटतायत की बुडतायत हेच कळेना. आता एक रेषा आखून घेतली: रस्ता आणि पाणी नेहमी चौकटीच्या डावीकडे, जिना आणि सुरक्षित मजले उजवीकडे. मदत डावीकडून उजवीकडे आणि वर जाते. फक्त एका ठिकाणी हा नियम मोडला, ती स्वतः परत खाली उतरते तिथे. ती उजवीकडून डावीकडे जाते आणि काहीही न सांगता ते चुकीच्या दिशेला जाणं वाटतं.

कट करताना नजर कुठे आहे हे पाहणंही महत्त्वाचं. वेगवान भागात एका शॉटच्या शेवटी डोळा जिथे असतो, साधारण तिथेच पुढच्या शॉटमधली मुख्य गोष्ट ठेवली. डोळ्याला पडदाभर शोधाशोध करावी लागली तर एका सेकंदाच्या शॉटचा निम्मा वेळ त्यातच जातो. पाण्याच्या जिन्याचा शॉट येतो तेव्हा आधीच्या शॉटमध्ये नजर खाली डावीकडे आणून ठेवलेली असते, म्हणजे ती थेट सायकलवरच पडते.

पडद्यावरच्या खुणांचं काय करायचं? पहिल्या ट्रेलरमध्ये ‘सिनेमासारखं’ दिसावं म्हणून सगळा इंटरफेस बंद होता. काकूंना ऍनिमेशनपट वाटला त्याचं हे एक मोठं कारण. आम्ही सगळं परत आणलं नाही. बटणांच्या सूचना, नकाशा, उद्दिष्टांची यादी बंदच. पण दोर किती लांब पोचेल हे दाखवणारं पांढरं वर्तुळ आणि उरलेल्या दोराची पट्टी, एवढं ठेवलं. निर्णय त्या दोनच खुणांवर अवलंबून आहे.

फ्रेम, पाऊस आणि यूट्यूब

टीव्हीच्या सवयीनं पहिली टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची होती आणि चित्रण ६० चं. ६० ला २५ नं भागलं की २.४ येतात, म्हणजे सॉफ्टवेअर मूळच्या फ्रेममधून कधी दोन, कधी तीन फ्रेम पुढे उडी मारतं. स्थिर शॉटमध्ये हे लपतं. कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक हिसके देतं. मुसळधार पावसात तर ते फारच जाणवत होतं. आम्ही चित्रण, टाइमलाइन आणि अंतिम फाइल तिन्ही ६० वर ठेवली. ज्यांना ३० हवं त्यांनी ३० वर जावं, एक सोडून एक फ्रेम जाते आणि चाल समान राहते. ६० चं चित्रण २४ किंवा २५ मध्ये कोंबू नये.

रात्र, पाऊस आणि गढूळ पाणी हे तिन्ही व्हिडिओ कॉम्प्रेशनचे वैरी आहेत. पावसाचा प्रत्येक थेंब प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, त्यामुळे बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला मिळणाऱ्या डेटाचा, बराच भाग थेंबांवर खर्च होतो आणि चेहऱ्यावर चौकोन दिसू लागतात. कॅमेऱ्याजवळचा पाऊस आम्ही निम्म्यावर आणला आणि दूरचा तसाच ठेवला. पाऊस कमी झाल्यासारखं वाटत नाही. फिल्मसारखा दाणा काढून टाकला. फाइल ४के मध्ये चढवली. यूट्यूब १०८०पी ६० फ्रेमसाठी सेकंदाला १२ मेगाबिट (एमबीपीएस) सुचवतं आणि ४के ६० साठी ५३ ते ६८. १०८० च्या पडद्यावर पाहणाऱ्यालाही ४के चढवलेल्या व्हिडिओत चित्र स्वच्छ मिळण्याची शक्यता वाढते. अंतिम रंगसंस्कारही फोनवर, दिवसाच्या उजेडात तपासला. अंधाऱ्या एडिट रूममध्ये छान दिसणारी रात्र लोकलच्या दारात उभं राहून पाहिली की नुसती काळी असते.

आवाजाबद्दल थोडक्यात. ढोल-ताशा काढला. तो उत्सवाचा आवाज आहे आणि प्रत्येक कटला स्वतःकडे ओढत होता. पहिली वीस सेकंदं फक्त पाऊस, पत्र्यावरची थपथप, दोराची करकर आणि गॅलऱ्यांमधून येणारं ‘वर या, वर या!’ संगीत त्यानंतर. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) खाली आणतं, त्यामुळे मिक्स उगाच मोठं करून काही मिळत नाही. उलट दोराची करकर त्यात दबते.

काय झालं, काय राहिलं

नवा कट पुन्हा आवाज बंद करून, वेगळ्या माणसांना दाखवला. या वेळी ‘दोर बांधून माणसं वर न्यायची’ हे बहुतेकांनी सांगितलं. एकानं आपणहून म्हटलं, ‘आधी दोर पुरेल का ते बघायला पाहिजे.’ एका कॉलेजच्या मुलाला सुरुवात संथ वाटली. त्याच्यासाठी आम्ही पहिला शॉट बदलला: आधी जिना आणि मग दोर असा क्रम होता, आता पहिल्याच सेकंदाला हातातून सुटणारा दोर आहे आणि जिना त्याच्या पाठोपाठ. बोधचिन्ह शेवटी गेलं.

फोनसाठी ९:१६ चा उभा कट त्याच रेकॉर्डिंगमधून नव्यानं कॅमेरे लावून करतो आहोत. आडव्या ट्रेलरच्या कडा कापून उभा करणं इथे चालणार नाही, कारण डावीकडचे आजोबा आणि उजवीकडची ती, दोघंही चौकटीबाहेर जातील. चाळ मात्र मुळातच उभी आहे, त्यामुळे डावी-उजवीची रेषा सोडून खाली-वर अशी रेषा घेतली आहे. तीन मजले एका चौकटीत मावतात आणि पाणी खालून चढताना दिसतं. दिग्दर्शिकेला आता हाच कट जास्त आवडू लागला आहे.

गेम प्रकाशित होताना लागणारा ट्रेलर अजून बाकी आहे. त्यात ही मांडणी तशीच चालेल असं मला वाटत नाही. तोवर लोकांना दोर काय करतो ते ठाऊक असेल, आणि त्यांना चाळीतली माणसं, वेगवेगळे मजले, समोरची इमारत हा सगळा पसारा पाहायचा असेल. तिथे लांब शॉट कमी आणि चेहरे जास्त लागतील. त्यासाठी खेळीची सगळी रेकॉर्डिंगं आणि लपवलेल्या भिंतींची यादी शॉटवार नावं देऊन ठेवली आहे. प्रोमोचा संकलक या वेळी सुरुवातीपासून सोबत आहे, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कंट्रोलरशेजारी त्याचीही खुर्ची असेल.